भिंतीतला संगणक: मुलं शिक्षकाशिवाय खरंच शिकतात का?

तारीख २६ जानेवारी १९९९. दिल्लीच्या कालकाजी भागात एनआयआयटी या संगणक प्रशिक्षण कंपनीचं कार्यालय होतं आणि त्याला लागूनच झोपडपट्टी. दोन्हींच्या मध्ये एक भिंत. त्या भिंतीला भोक पाडून तिथे एक संगणक बसवण्यात आला. स्क्रीन आणि टचपॅड वस्तीच्या बाजूला, बाकीचं यंत्र कार्यालयाच्या बाजूला. इंटरनेट चालू होतं. कसं वापरायचं हे सांगणारी पाटी नव्हती आणि शिकवायला माणूसही नव्हता.

वस्तीतली मुलं गोळा झाली. त्यातली बरीचशी शाळेत न जाणारी किंवा अधूनमधून जाणारी. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं आणि स्क्रीनवर तर सगळं इंग्रजीतच. तरी काही तासांत बोट फिरवलं की बाण सरकतो, दोनदा टिचकी मारली की काहीतरी उघडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या काही आठवड्यांत ती वेबसाइट उघडू लागली, गेम खेळू लागली, चित्रं काढू लागली. चित्रकलेचा प्रोग्राम तर सगळ्यांचा लाडका. कागद आणि रंग ज्यांना सहज मिळत नाहीत, त्यांना न संपणारे रंग मिळाले होते.

पॉइंटर, कर्सर हे शब्द त्यांना माहीत नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःचे शब्द केले. बाणाला ती 'सुई' म्हणायची. संगणक विचार करत असताना दिसणारी वाळूच्या घड्याळाची खूण म्हणजे 'डमरू'. हा तपशील वाचताना गंमत वाटते, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. मुलं नुसती बटणं दाबत नव्हती, एकमेकांना समजावून सांगता येईल अशी भाषा तयार करत होती.

या प्रयोगामागचा माणूस म्हणजे सुगत मित्रा. आयआयटी दिल्लीतून भौतिकशास्त्रात पीएचडी केलेले आणि तेव्हा एनआयआयटीत संशोधन करणारे. प्रयोगाला नाव पडलं 'होल इन द वॉल', म्हणजे भिंतीतलं भोक. विकास स्वरूप यांना 'क्यू अँड ए' ही कादंबरी सुचण्यामागे या प्रयोगाचाही हात होता, असं त्यांनी सांगितलं आहे. याच कादंबरीवरून पुढे 'स्लमडॉग मिलेनियर' हा सिनेमा निघाला. एका भोकाचा प्रवास झोपडपट्टीतून ऑस्करपर्यंत झाला, असं म्हणायला हरकत नाही.

पण सिनेमा बाजूला ठेवून बघितलं तर या प्रयोगाने विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे. मुलाच्या हातात इंटरनेट दिलं तर शिक्षक लागतो का? आज हा प्रश्न घराघरात आहे, कारण ते भिंतीतलं भोक आता प्रत्येकाच्या खिशात आलंय.

मित्रांचा दावा नेमका काय होता?

मित्रांनी या पद्धतीला एक नाव दिलं. शस्त्रक्रियेत जशी कमीत कमी कापाकापी करून ऑपरेशन करतात, तसं कमीत कमी हस्तक्षेप करून दिलेलं शिक्षण. त्यांचं म्हणणं होतं की मुलांचा गट, एक सामायिक संगणक, मोकळी सार्वजनिक जागा आणि मोठ्यांची लुडबूड नाही, एवढं असलं की संगणक वापरण्यापुरतं ज्ञान मुलं आपलं आपण मिळवतात.

यातला 'गट' हा शब्द महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक वेळा गाळला जातो. एका स्क्रीनसमोर एक मूल नव्हतं. एक जण टचपॅडवर, तिघं-चौघं त्याच्या खांद्यावरून बघणारी, त्यामागे आणखी काही नुसतीच सल्ले देणारी. सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असायचा. तरी मागे उभं राहून बघणारी मुलंही शिकत होती. मुलाला टॅब देऊन वेगळ्या खोलीत बसवणं आणि हा प्रयोग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे एनआयआयटी आणि जागतिक बँक गटातल्या आयएफसी या संस्थेच्या भागीदारीत असे किऑस्क देशात अनेक ठिकाणी लागले. ग्रामीण भारतातल्या १७ ठिकाणांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना स्क्रीनवरची चिन्हं दाखवून त्यांचा अर्थ विचारला होता, आणि नऊ महिन्यांत मुलांचे गुण चढत गेले होते. नऊ महिन्यांत ही मुलं पाश्चिमात्य देशातल्या ऑफिस सेक्रेटरीइतकं संगणक हाताळायला शिकतात, असं मित्रा नंतरच्या भाषणांमध्ये सांगत.

इथे जरा थांबायला हवं. चिन्ह ओळखता येणं म्हणजे 'हे सेव्ह करण्याचं बटण आहे' एवढं कळणं. ते उपयोगी आहेच. पण त्यावरून मूल वाचायला शिकलं, अपूर्णांक शिकलं असं म्हणता येत नाही. या प्रयोगाबद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. मोजलं एक गेलं आणि ऐकणाऱ्यांनी समजून घेतलं भलतंच.

महाराष्ट्रातही हे किऑस्क आले होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गावांमधल्या मुलांचा अभ्यास झाला. किऑस्कवर नेहमी येणाऱ्या मुलांना गणितात इतरांपेक्षा बरे गुण मिळाल्याचं त्यात दिसलं. इंग्रजी आणि विज्ञानात मात्र तसा फरक आढळला नाही.

कलीकुप्पमची गोष्ट

मित्रांच्या प्रयोगांपैकी सगळ्यात जास्त चर्चा झाली ती तमिळनाडूतल्या कलीकुप्पम या गावातल्या प्रयोगाची. यावेळी त्यांना स्वतःचाच दावा मोडून बघायचा होता. तमिळ बोलणारी १० ते १४ वर्षांची मुलं, रस्त्यावरचा संगणक आणि त्यावर रेणवीय जीवशास्त्राची इंग्रजी माहिती. डीएनएची प्रत कशी तयार होते, हा विषय. हे काही मुलांना आपलं आपण जमणार नाही, मग 'इथे शिक्षक लागतो' असं सांगता येईल, अशी अपेक्षा होती.

सुरुवातीच्या चाचणीत मुलांना जवळपास काहीच आलं नाही. अडीच महिन्यांनी तीच मुलं सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पोहोचली. शिकवलेलं कुणीच नव्हतं.

मग मित्रांनी मुलांच्या ओळखीच्या एका तरुणीला मदतीला घेतलं. तिला जीवशास्त्र येत नव्हतं, ती हिशेब बघायची. तिचं काम एवढंच, की मुलांच्या मागे उभं राहायचं आणि आजी करते तसं कौतुक करायचं. "अरे वा, हे कसं केलंस? मला दाखव बघू!" आणखी काही आठवड्यांत गुण ५० टक्क्यांच्या आसपास गेले. दिल्लीतल्या चांगल्या खासगी शाळेत, विषयाच्या शिक्षकाकडून शिकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

या गोष्टीचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. मित्रांच्या चाहत्यांना ३० हा आकडा दिसतो: शिक्षक नसतानाही एवढं! पण ३० पासून ५० पर्यंत जायला काय लागलं, हेही बघायला हवं. यंत्र तेच होतं, माहितीही तीच होती. नवीन होतं ते लक्ष देणारं एक माणूस.

मित्रांनी हे लक्षात घेतलं. २००९ पासून ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांना, त्यात अनेक निवृत्त शिक्षिका, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी जोडण्यात आलं. या आज्या गोष्टी सांगायच्या, गप्पा मारायच्या, प्रश्न विचारायच्या. उपक्रमाला नावच पडलं 'ग्रॅनी क्लाउड'. म्हणजे शिक्षकाशिवायचं शिक्षण म्हणून जे सुरू झालं होतं, त्यात दहा वर्षांत आजी परत आली होती.

मग भोकं रिकामी का पडली?

२०१३ साली मित्रांना १० लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं. त्यातून 'स्कूल इन द क्लाउड' नावाच्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. दोन इंग्लंडमध्ये, पाच भारतात. त्यातली एक साताऱ्यातल्या फलटणला. हीसुद्धा एक वेगळीच जोडी, कारण फलटणची प्रगत शिक्षण संस्था ओळखली जाते ती मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याच्या बारकाईने बांधलेल्या कामासाठी. मूळच्या अमेरिकन आणि नंतर फलटणकरच झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी ती उभी केली. जिथे शिक्षकांच्या कामावर सगळ्यात जास्त भर, तिथेच शिक्षक बाजूला उभा राहतो असा प्रयोग आला. खरं तर तो तिथेच यायला हवा होता. वाचता येणाऱ्या मुलालाच इंटरनेटवर काही शोधता येतं.

दुसरं टोक म्हणजे सुंदरबनातलं कोराकाटी. नदीच्या खाडीतलं बेट, वीज सौरऊर्जेवर, इंटरनेट कधी आहे कधी नाही. तिथल्या प्रयोगशाळेच्या धडपडीवर जेरी रॉथवेल यांनी माहितीपट केला आहे.

टीकाकारांनी आधीपासूनच नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. अमेरिकन अभ्यासक मार्क वॉर्शोअर यांनी दिल्ली सरकारच्या मदतीने चाललेलं असंच एक केंद्र पाहिलं. इंटरनेट क्वचितच चालायचं. हिंदीत काहीच नव्हतं. माऊस आणि कीबोर्डऐवजी जॉयस्टिक आणि बटणं होती, त्यामुळे लिहिणं जवळपास अशक्य. मुलं, त्यातही मुलगेच जास्त, चित्रं काढत आणि गेम खेळत. आईबाप दोन मनांचे. मूल संगणक शिकतंय याचा आनंद होता, पण शाळेचा अभ्यास बुडतोय आणि सांगायला कुणी नाही, ही तक्रारही होती.

पायल अरोरा यांनी उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबाग इथल्या केंद्रांचं काय झालं हे शोधलं. केंद्रं बंद पडलेली होती. त्यांचा प्रश्न साधा होता: मुलं इतकी आपली आपण शिकत होती, तर ही यंत्रं बंद पडल्यावर कुणाला चुटपुट का लागली नाही? शाळेच्या आवारातला किऑस्क असेल तर तो शाळेच्या वेळेत, शाळेच्या नियमांत अडकतो. बाहेर असेल तर त्याची काळजी कोण घेणार? बिघडलेला संगणक दुरुस्त करायचं काम मुलांचा स्वयंस्फूर्त गट करत नाही. त्याला माणूस लागतो, पगार लागतो आणि पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये तरतूद लागते.

एक लॅपटॉप, एक मूल

भिंतीतल्या संगणकाच्या जोडीला आणखी एक मोठं स्वप्न होतं. एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. प्रत्येक मुलाला एक. लॅपटॉप १०० डॉलरला कधीच मिळाला नाही, पण बरेच देश पुढे आले. भारतातला त्याचा पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २००७ साली, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत. हिरवे-पांढरे लॅपटॉप मांडीवर घेतलेल्या त्या मुलांचे फोटो तेव्हा बरेच फिरले होते.

सगळ्यात मोठी खरेदी पेरूने केली, आठ लाखांहून जास्त लॅपटॉपची. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली आला. लॅपटॉप वापरले गेले होते, मुलं ते चालवायला शिकली होती, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा फायदाही होता. पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नव्हता.

जिथे फायदा झाला, तिथे काय वेगळं होतं?

तंत्रज्ञानाने काहीच होत नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. उलट पुरावा भारतातच आहे.

मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत दोन गोष्टी करून पाहिल्या. मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी, तुटपुंज्या मानधनावर. वर्गात मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून पायाभूत वाचन आणि अंकगणित शिकवायच्या. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे संगणक खेळ दिले, एका संगणकावर दोन मुलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत हे मोजलं. (दोघांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं.) दोन्हींचा फायदा झाला, आणि गणितात संगणकाचा तर बालसखीपेक्षाही जास्त. खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे अवघड-सोपे होत, हे त्यामागचं कारण.

गुजरातमध्ये 'ज्ञानशाला'च्या वर्गांत याच्याच जवळचा आणखी एक प्रयोग झाला. शाळेचा तास कमी करून त्याऐवजी संगणक दिला तेव्हा मुलं मागे पडली. शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून तोच संगणक दिला, तेव्हा पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच. फरक एवढाच, की एकदा ते शिक्षिकेच्या जागी आलं आणि एकदा शिक्षिकेच्या जोडीला.

दिल्लीत २०१५ साली 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला. सहावी ते नववीची मुलं, साडेचार महिने, रोज शाळेनंतर दीड तास. त्यातला अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत. कुणाला प्रवेश मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, त्यामुळे तुलना भरवशाची होती. गणित आणि हिंदी दोन्हींत मुलांनी मोठी मजल मारली. पण सुरुवातीच्या चाचणीत जे दिसलं ते जास्त बोलकं आहे. सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होतं. नववीत पोहोचेपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांचं झालं होतं. अशा वर्गात शिक्षक नववीचं पुस्तक शिकवत असतो आणि समोरची बरीच मुलं पाचवीच्या गणितात अडकलेली असतात. सॉफ्टवेअरने केलं ते एवढंच, की प्रत्येकाला तो जिथे आहे तिथून प्रश्न दिले. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका माणसाला ते जमत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापले. मोबाइलने स्कॅन केलं की कवितेचं ध्वनिमुद्रण, व्हिडिओ, सराव. राज्याने पुढे ही कल्पना उचलली. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. बातम्यांत क्यूआर कोड गाजला. पण त्याआधी त्यांनी काय केलं होतं? मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत, हे बघून त्यांनी पुस्तकांचा अनुवाद केला होता. मूल कुठे अडतंय हे कोडने शोधलं नाही, शिक्षकाने शोधलं.

हा फरक महाराष्ट्रात नुसत्या चर्चेपुरता राहत नाही. कमी पटसंख्येच्या शाळा बंद करायच्या की चालू ठेवायच्या, हा वाद दर काही वर्षांनी वर येतो. डोंगरातल्या वाडीवर वीस मुलांसाठी शिक्षक देणं महाग पडतं, टॅब देणं स्वस्त पडतं. 'मुलं आपली आपण शिकतात' हे वाक्य मित्रांनी उत्साहाने म्हटलं होतं, पण खर्च कमी करायला निघालेल्याच्या हातात ते पडलं तर त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो. मित्रांचं स्वतःचं एक जुनं वाक्य टीकाकार आणि चाहते दोघंही वापरतात: ज्या शिक्षकाची जागा यंत्र घेऊ शकतं, त्याची जागा यंत्राने घ्यावीच. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांच्याकडून हे ऐकल्याचं ते सांगतात.

आणि आता चॅटबॉट

भिंतीतल्या संगणकासमोर मुलांना निदान शोधावं लागत होतं. आता प्रश्न टाइप केला की उत्तर तयार मिळतं. यावर एक मोठा प्रयोग तुर्कीत झाला. माध्यमिक शाळेतली सुमारे हजार मुलं, विषय गणित. एका गटाला साधा चॅटबॉट दिला. दुसऱ्या गटाला थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट. तिसऱ्या गटाकडे नेहमीची वही आणि पुस्तक.

सराव करताना साध्या चॅटबॉटवाल्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले आणि इशारेवाल्यांचे तर १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, कधीच चॅटबॉट न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारेवाल्या गटाचं हे नुकसान जवळपास टळलं, पण त्यांना फार फायदाही झाला नाही.

इशारे देणारा तो चॅटबॉट आपोआप शहाणा नव्हता. प्रत्येक गणितात मुलं सहसा कुठे चुकतात आणि तिथे कोणता इशारा द्यावा, हे त्याला शिक्षकांनी लिहून दिलं होतं. आणि साध्या चॅटबॉटवर सराव केलेल्या मुलांना परीक्षेनंतर विचारलं, तर आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतच नव्हतं.